आग रामेश्वरी, बर्फ सोमेश्वरी

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा आणि बाजाराच्या रस्त्याने चालत राहा. पहिल्या मजल्यावरच्या पाट्या वाचा. फॅट फ्रीझिंग. क्रायो फेशियल. शस्त्रक्रियेविना सपाट पोट. जिममध्ये आइस बाथ आलाय, पार्लरमध्ये बर्फाच्या पाण्यात चेहरा बुडवण्याचे पैसे पडतात. थंडी विकायला निघाली आहे आणि गिऱ्हाईक भरपूर आहे.

आता याच रस्त्यावर एप्रिलच्या भर दुपारी एखादा हमाल, एखादा ट्रॅफिक पोलीस, मिरवणुकीत ढोल वाजवणारा एखादा मुलगा कोसळला तर काय होतं ते आठवा. कुणी बाटलीतलं पाणी तोंडावर मारतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी रुमालाने वारा घालतं, बाकीचे रिक्षा शोधतात. त्याला तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत ठेवणं हा श्रमाने झालेल्या उष्माघातावरचा जगभर मान्य असलेला पहिला उपचार आहे. तो कुणाला सुचत नाही, कारण आपल्याला तो कुणी शिकवलेलाच नाही. जिथे थंडीने जीव वाचतो तिथे बर्फ पोचत नाही, आणि जिथे तिचा उपयोग बेताचा तिथे तिची एसी दुकानं. माझं भांडण याच्याशी आहे.

आधी दुकानांचा हिशेब करू.

चरबी गोठवण्याच्या कल्पनेत खोट नाही. १९७० साली अमेरिकन डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवली. आइस कँडी चोखत बसणाऱ्या तान्ह्या पोरांच्या गालाला आतून गाठ येते, मग ती विरते आणि गालाची चरबी कमी झालेली दिसते. वरची कातडी मात्र धडधाकट. कारण साधं आहे. चरबी पाण्याच्या आधी गोठते, थंडीत शेजारच्या तांब्यातलं पाणी पातळ असतानाच तूप थिजतं तशी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन या त्वचातज्ज्ञांनी यावरून यंत्राची कल्पना काढली आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कमरेच्या वळ्यांसाठी त्याला परवानगी दिली. जेलची घडी ठेवायची, त्यावर खेचून धरणारा पेला लावायचा, अर्धा-पाऊण तास शून्याखालचा गारवा द्यायचा, मग बधिर झालेली वळी चोळायची. पेशी हळूहळू मरतात, शरीर त्या उचलून नेतं. दोन-तीन महिन्यांनी त्या वळीची जाडी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी होते.

बस, एवढंच. वजन उतरत नाही, साखर उतरत नाही, रक्तदाब उतरत नाही. जो डॉक्टर हे आधी सांगतो, ‘आकार थोडा बदलेल, प्रकृती नाही’ असं स्वच्छ बोलतो, त्याच्याशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या दोन फोटोंत आरोग्य विकणाऱ्याशी.

कारण आपलं पोट वेगळं आहे, आणि हे पुण्यातच सिद्ध झालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचं तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हाडापेराने बारीक दिसणारा आपला माणूस आतून चरबीदार असतो, आणि त्यातली घातक चरबी पोटाच्या पोकळीत, यकृताच्या आणि आतड्यांच्या भोवती बसते. पेल्यात जी सापडते ती कातडीखालची, चिमटीत येणारी. आतली चरबी ना चिमटीत येते ना पेल्यात. डोंबिवली फास्टला बारा वर्षं लटकून, रात्री साडेदहाला जेवून, सकाळी सहाला डबा घेऊन निघणाऱ्या माणसाचं पोट आतून सुटलेलं असतं. त्याला बाहेरून गारठवणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

धोकाही सांगायला हवा. थोड्या लोकांत गोठवलेली चरबी मरण्याऐवजी वाढते, कडक होते, पेल्याच्या आकारात वर येते. २०१४ मध्ये हा परिणाम पहिल्यांदा छापून आला. जगप्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने २०२१ मध्ये उघडपणे सांगितलं की या उपचाराने आपलं शरीर विद्रूप झालं आणि आपण वर्षानुवर्षं घराबाहेर पडलो नाही. तिने यंत्र बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला आणि २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला. सुरुवातीला कंपनीने हा परिणाम फार विरळ असल्याचं सांगितलं होतं, नंतरच्या अभ्यासांत तो बराच जास्त निघाला. अशी चरबी आपोआप जात नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. ‘शस्त्रक्रियेविना’ या पाटीखाली हे वाक्य छापलं पाहिजे. आणि नकली यंत्रांचा सुळसुळाट आहे. यंत्र कुठलं, त्याला गारवा ठरावीक अंशाखाली गेला तर बंद करणारी सोय आहे का, चालवणाऱ्याचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक भिंतीवर आहे का, हे विचारायला लाजू नका. पैसे मोजणारा माणूस भाजीवालीला जेवढे प्रश्न विचारतो तेवढे तरी इथे विचारावेत.

पूर्ण शरीर गोठवण्याच्या पेटीबद्दल थोडक्यात. उणे ११० अंश आणि त्याखाली दोन-तीन मिनिटं. जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी संधिवातासाठी सुरू झालेला हा प्रयोग आता थकवा, नैराश्य, सुरकुत्या, सगळ्यांवर खपवला जातो. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की अशा एकाही पेटीला आजारावरचा उपचार म्हणून मंजुरी दिलेली नाही आणि दाव्यांना पुरावा नाही. ज्या पेट्या नायट्रोजनवर चालतात त्यांत नायट्रोजन हवेतला ऑक्सिजन हटवतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस खाली बसतो आणि उठत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नेवाडात अशा केंद्रातली कर्मचारी मुलगी पेटीतच गेली. एप्रिल २०२५ मध्ये पॅरिसच्या एका जिममध्ये पुन्हा तेच, पुन्हा एक कर्मचारी. तळमजल्याच्या गाळ्यात, खिडकी नसलेल्या खोलीत हे यंत्र बसवलेलं दिसलं तर आत जाऊ नका, आणि तिथे नोकरी करणाऱ्या पोरीला हे सांगा.

जिममधल्या आइस बाथचं प्रकरण त्याहून सरळ आहे. स्नायू वाढवण्यासाठी वजनं उचलायची आणि लगेच दहा अंशांच्या पाण्यात बसायचं, हे एकमेकांच्या विरुद्ध आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तीन महिने हेच करून पाहिलं. गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. सूज हा बिघाड नव्हे, दुरुस्तीची सुरुवात असते, ती मारली की दुरुस्ती मंदावते. पाय मुरगळला की बर्फ, हा मंत्र १९७८ मध्ये ज्यांनी पुस्तकात मांडला त्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे लिहिलं की बर्फाने बरं होणं लांबू शकतं. म्हणजे टाकायचा का बर्फ? नाही. दुखणं शमवायला तो उत्तम आहे. फडक्यातून, दहा-पंधरा मिनिटं, पहिल्या दिवशी. पण मधुमेहाने ज्यांच्या पावलांना बधिरपणा आलाय त्यांनी नको, त्यांना गारठून कातडी मेलेली कळणारच नाही. ‘गरम शेकायचं की गार’ हा प्रश्न आपल्या घराघरांत अर्धा तास चालतो. त्यात ‘शेकायचं कुणाला’ हा प्रश्नही धरा. आणि चाळिशी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने मित्राच्या आग्रहाखातर बर्फाच्या टबात उडी मारू नये. गार पाण्याचा पहिला झटका श्वास अडकवतो आणि हृदयाचा ठोका चुकवू शकतो.

आता चामखीळ. इथे थंडी खरोखर डॉक्टरांच्या हातात शोभते. द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. थर्मासमधून वाफ निघते, बारीक तोटीतून फवारा, चामखीळ पांढरीफटक होते आणि तिच्याभोवती बर्फाचं कडं उमटतं. काही सेकंद तसंच धरायचं, सोडायचं, रंग परत येऊ द्यायचा. झोंबतं चांगलंच. दुसऱ्या दिवशी फोड, दोन-तीन आठवड्यांत खपली, मग पुढचा हप्ता. घोड्याचा केस बांधणं, चुना लावणं, उदबत्तीने डागणं यापेक्षा कितीतरी शहाणा मार्ग. तळपायाच्या चामखिळीला मात्र रोज लावायचं सॅलिसिलिक अॅसिड जवळपास तेवढंच काम करतं आणि फार स्वस्त पडतं, हेही डॉक्टरांनी सांगावं.

पण कातडीला रंग देणाऱ्या पेशी उणे चार ते सात अंशांना मरतात, बाकीच्या पेशी उणे वीसपर्यंत टिकतात. गोऱ्या युरोपियन कातडीवर हे फारसं दिसत नाही. आपल्या सावळ्या हातावर चामखीळ जाते आणि तिथे पांढरा ठिपका उरतो, कधी महिन्यांसाठी, कधी कायमचा. ज्या समाजात पांढरा डाग दिसला की कोड म्हणून स्थळं परत जातात, तिथे मुलीच्या गालावर हात जड ठेवून फवारा मारणं हा अपराध आहे. चांगला त्वचारोगतज्ज्ञ चेहऱ्यावर हात आखडता घेतो. आणि तीळ? तीळ गोठवू देऊ नका. काळा वाढणारा तीळ कॅन्सरचाही असू शकतो, गोठवला की तपासायला तुकडाच उरत नाही. पार्लरमध्ये तीळ काढून घेणाऱ्या प्रत्येकीला हे कळलं पाहिजे.

आता थंडीने मराठी मुलखात केलेलं सर्वांत मोठं काम. ते ठाण्यात नाही, धाराशिवमध्ये झालं, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, परळचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तिथल्या गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे गट पाडून अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पूर्वलक्षणं शोधायची आणि ज्यांना चालेल त्यांना तिथेच गोठवून उपचार करायचे. या उपचाराला वीज लागत नाही, भूल लागत नाही. गॅसचा सिलिंडर, एक दांडा, त्याच्या टोकाला रुपयाएवढी धातूची चकती. तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा तीन मिनिटं. बाई उठून चालत घरी जाते. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी आणि त्यामागून उपचार, एवढ्याने आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

ज्वारीच्या शेतातून उठून आलेल्या, बहुतेकींनी त्याआधी कधीही तपासणी न केलेल्या बायकांच्या जिल्ह्यात हे झालं. आता ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या, डोंबिवलीच्या गांधीनगरातल्या, कल्याणच्या बैल बाजारातल्या बायांना विचारा: ही तपासणी शेवटची कधी केली? फेशियलची तारीख आठवते. ही आठवत नाही, कारण हिच्यासाठी कुणी पाटी लावलेली नाही, सवलतीचं पॅकेज काढलेलं नाही. पस्तिशीत एकदा, पंचेचाळिशीत एकदा, एवढं जागतिक आरोग्य संघटना मागते. महापालिकांनी आपल्या दवाखान्यांत हे नेमाने केलं तर चरबी गोठवणाऱ्या सगळ्या यंत्रांनी मिळून जेवढं भलं केलं असेल त्याहून जास्त भलं एका वर्षात होईल.

टाटा मेमोरियलचं आणखी एक काम सांगतो, कारण ते आपल्या बायांचं आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या केमोथेरपीच्या वेळी डोक्यावर गार टोपी घातली तर केसांच्या मुळांकडचा रक्तपुरवठा आखडतो, औषध तिथे कमी पोचतं आणि केस टिकतात. परळला भारतीय बायांवर गट पाडून चाचणी झाली आणि २०२० मध्ये छापली गेली. टोपी घातलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींचे केस राहिले, न घातलेल्यांपैकी एकीचेही नाहीत. सकाळच्या गर्दीत बदलापूरहून लोकलने परळला केमोसाठी जाणाऱ्या बाईला आपला आजार डब्यातल्या प्रत्येकीने बघू नये असं वाटतं. तिच्या केसांसाठीची थंडी ही मला सौंदर्याची नव्हे, सन्मानाची बाब वाटते. ती विम्यात बसली पाहिजे.

पण थंडी परदेशात चालली म्हणून इथे चालेलच असं नाही. याचा सर्वांत कडू धडा शीव रुग्णालयाला ठाऊक आहे. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचा मेंदू वाचवायला त्याचं शरीर ७२ तास ३३-३४ अंशांवर गार ठेवतात, इंग्लंड-अमेरिकेत हा रूढ उपचार आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर त्याची कसोटी घेतली, त्यांत मुंबईचं लोकमान्य टिळक रुग्णालय होतं, म्हणजे आपलं शीव. २०२१ मध्ये आलेला निकाल वाचवत नाही. गार ठेवलेल्यांपैकी ४२ टक्के बाळं दगावली, न ठेवलेल्यांपैकी ३१ टक्के. इथल्या बाळांना, इथल्या रुग्णालयांत हा उपचार देऊ नये, अशी शिफारस संशोधकांनीच केली. ठाणे जिल्ह्यातून अडलेल्या कितीतरी बायांना आजही पुढे शीवला पाठवतात, तेव्हा ही बाळं आपलीच. खर्चाचं यंत्र नाही म्हणून गावठी पद्धतीने बर्फाच्या पिशव्या लावून बाळ थंड करण्याचा मोह कुठल्याही प्रसूतिगृहाने धरू नये. गारवा हे औषध आहे, आणि औषध ज्याच्या अंगावर द्यायचं त्याच्यावर तपासलेलं असावं लागतं.

भाजल्यावरचं एक वाक्य दारामागे चिकटवून ठेवा. नळाचं वाहतं पाणी, वीस मिनिटं, शक्य तितक्या लवकर. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. लहान मूल असेल तर भाजलेला भाग पाण्याखाली आणि बाकीचं अंग टॉवेलात. मग डॉक्टर. मोठं भाजलं असेल तर ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर आपल्याच जिल्ह्यात आहे.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते.

१६ एप्रिल २०२३. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा. पुरस्काराचे मानकरी आप्पासाहेब धर्माधिकारींचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, उन्हात बसले होते, त्यांत ठाणे, पालघर, रायगडचे किती घरचे! उष्माघाताने १४ माणसं गेली. नंतर बोललं गेलं ते मंडपाबद्दल, वेळेबद्दल, पाण्याबद्दल आणि एकमेकांच्या पक्षांबद्दल. दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत, असं सरकारने जाहीर केलं. ते योग्यच होतं. पण कोसळलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं, ही गोष्ट तेव्हाही घराघरांत पोचली नाही आणि आजही पोचलेली नाही.

उष्माघात म्हणजे आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदू भरकटलेला: माणूस बरळतो, झिंगल्यासारखा चालतो, फिट येते, शुद्ध हरपते. हा ताप नव्हे. तापात मेंदूने उष्णता मुद्दाम वाढवलेली असते, म्हणून पॅरासिटामॉल चालतं. इथे मेंदूचा ताबाच सुटलेला असतो, म्हणून पॅरासिटामॉलचा काडीचा उपयोग नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. ओलं फडकं आणि पंखा नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या झळांत बरंच काम करतो, कारण पाणी उडून जातं. आपल्याकडे खाडीची दमट हवा. घाम अंगावरून ओघळतो पण उडत नाही, फडकं ओलंच राहतं. म्हणून ठाणे-कल्याणात बर्फाच्या पाण्यावाचून पर्याय नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या फालमथ गावी दर ऑगस्टला अकरा किलोमीटरांची शर्यत होते. तिथे अंतिम रेषेजवळ बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवलेले असतात. अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ धावपटू त्या टबांत ठेवले गेले. एकही दगावला नाही. आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या, हा तिथला नियम. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयाने २०२४ मध्ये उष्माघातासाठी खास कक्ष आणि टब उभे केले. ठाण्याच्या सिव्हिलमध्ये, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाईंत, डोंबिवलीच्या शास्त्रीनगरमध्ये मार्च लागायच्या आत असा टब आणि बर्फाचा साठा तयार असावा. नगरसेवकांनी हे स्वतः जाऊन बघावं.

टब नसेल तर ताडपत्री. पावसाळ्याआधी जी प्रत्येक चाळीच्या पत्र्यावर चढते, तीच निळी ताडपत्री. माणसाला सावलीत तिच्या मधोमध निजवायचं, बूट आणि जाड कपडे काढायचे. सहा-आठ जणांनी कडा गुडघ्याच्या वर उचलून धरायच्या, म्हणजे मधे डबकं तयार होतं. एकाने डोक्याशी बसून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवायचं आणि ती जागा कुठल्याही कारणाने सोडायची नाही. दहा-बारा बादल्या पाणी, त्यात फोडलेला बर्फ. कडा हलकेच आलटून पालटून वरखाली करायच्या, पाणी अंगावरून फिरत राहिलं पाहिजे, कारण अंगाला लागलेलं पाणी लगेच कोमट होतं. दहा-पंधरा मिनिटं. तो भानावर येऊन नीट बोलू लागला किंवा कुडकुडू लागला की बाहेर. १०८ ला फोन पहिल्या मिनिटालाच गेलेला असला पाहिजे, पण गाडी येईपर्यंत हात बांधून उभं राहायचं नाही. म्हातारं माणूस घरातच उकाड्याने आडवं झालं असेल आणि असं उचलणं जमणार नसेल, तर भिजलेली चादर, पंखा, आणि मान, काखा, जांघा यांत बर्फाच्या पिशव्या.

बर्फ कुठून आणायचा? कोळणीकडून, मच्छी मार्केटच्या लादीवाल्याकडून, बर्फाच्या कारखान्यातून. जून २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा नियम आहे, म्हणजे तो सरबतात जाऊ नये. अंगाबाहेरून थंड करायला हा निळा बर्फ अगदी चालतो आणि स्वस्तात मिळतो. चरबीच्या एका वळीच्या हप्त्याला जे पैसे पडतात त्यात एका मोठ्या मिरवणुकीच्या दिवसभराच्या लाद्या येतील.

मिरवणूक म्हटलं की डोंबिवली. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये श्री गणेश मंदिर संस्थानाने फडके रोडवर सुरू केली आणि मग ठाण्याने, गिरगावने, सगळ्या महाराष्ट्राने ती उचलली. ऊन चढत जातं, कमरेला दहा-दहा किलोचे ढोल बांधलेली पोरंपोरी तास-दोन तास थांबत नाहीत, डोक्याला फेटे, अंगात जाड झब्बे, सकाळी चहावर निघालेली. श्रमाने होणाऱ्या उष्माघाताला याहून जास्त काय लागतं? ज्या गावाने यात्रा शिकवली त्याने हेही शिकवावं. संस्थानाने येत्या पाडव्याला मार्गावर ताडपत्री घेतलेल्या तुकड्या ठेवाव्यात, प्रत्येक ढोलपथकाने दोन मुलं यासाठी तयार करावीत, सराव आदल्या रविवारी मैदानावर करावा. महापालिका आणि पोलिसांनी परवानगीच्या अर्जात मंडप, अग्निशमन, रुग्णवाहिका यांच्या खाली आणखी एक ओळ घालावी: बर्फ किती लाद्या, ताडपत्र्या किती, उचलणारी माणसं कोण. ओळ कोरी असेल तर परवानगी नाही. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला, १४ एप्रिलच्या मिरवणुकांना, निवडणुकीच्या सभांना, सगळ्यांना हीच ओळ लागू.

पाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पूर्वार्धात असतो, त्याआधी बर्फवाल्याला आगाऊ सांगून ठेवा. त्या दिवशी ताज्या मासळीसाठी मागणी कमी असते, लाद्या मिळतील.